चिंचदऱ्याच्या पुलाचा टेकू

"सर, पूल प्लास्टिकचा हाय, तर मग उन्हाळ्यात वितळत कावून न्हाई?"

वनमालानं विचारलं आणि चिंचदऱ्याच्या शाळेचं सभागृह, म्हणजे सहावी-सातवीच्या मधली फळी सरकवून केलेली लांबडी खोली, चिडीचूप झालं. मागच्या रांगेत दिपाली आणि सायलीनं ओढण्यांचे बोळे तोंडात कोंबले. पैज त्या दोघींचीच होती. शहरातून आलेल्या इंजिनिअर सरांना भर सभेत हा प्रश्न विचारायचा. विचारला, तर सायलीची नवीकोरी लाल नेलपॉलिश वनमालाची.

मागच्या वर्षाची वनमाला असती तर बाटली सायलीच्या दप्तरातून हललीच नसती. हजेरीला 'हजर' म्हणायलासुद्धा त्या वनमालाला शेजारणीनं कोपरानं ढोसावं लागायचं. पण ह्या पंधरा ऑगस्टला भाषणाची मुलगी तापानं फणफणली, मुख्याध्यापकांनी हाताला लागली तिला माईकपुढं उभं केलं, ती नेमकी वनमाला निघाली. पाठ काहीच नव्हतं, म्हणून ती मनचंच बोलली. लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि तेव्हा जो नळ उघडला तो आजपर्यंत बंद झाला नाही. तिची आई बबिता म्हणायची, "पंधरा ऑगस्टला देश मोकळा झाला ते समजलं. हिला कुणी मोकळी केली?"

"ए, बस खाली!" मुख्याध्यापक ओरडले. "पाहुण्यांना काय विचारावं ह्याचा काही पोच?"

"थांबा, थांबा," पाहुणे म्हणाले. "दहा वर्षांत मला हे कुणी तोंडावर विचारलं नव्हतं."

पाहुणे म्हणजे बद्रीनाथ घोळवे सर. संभाजीनगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक. गावच्या ओढ्यावरचा पूल त्यांनीच बांधला होता, प्रयोग म्हणून. त्याच्या तुळयांत लोखंडी सळया नव्हत्या, काळे गज होते. ट्रकमधून उतरवताना एक मजूर सबंध मोळी खांद्यावर टाकून गाणं म्हणत निघाला, ते गावानं डोळ्यांनी पाहिलं आणि तिथंच निकाल लावला. इतकं हलकं म्हणजे प्लास्टिक. तेव्हापासून तो प्लास्टिकचा पूल.

आणि प्लास्टिकच्या पुलावर गावाचा काडीचा भरवसा नव्हता. पुलाशी आलं की जीपमधली माणसं खाली उतरायची, रिकामी जीप पलीकडं जायची, माणसं मागून पायी. नवरदेव असला तरी त्याला सूट नव्हती. बाशिंग सावरत पायी पूल ओलांडायचा. बँडवाले तेवढे टेम्पोतच बसून वाजवत यायचे, कारण ते भाड्याचे होते. म्हातारा हरिबा तर चपला काढून हातात घ्यायचा, तेवढंच पुलाला हलकं. चपला हातात घेतल्या काय नि पायात घातल्या काय, वजन तेच, असं वनमालानं त्याला एकदा सांगून पाहिलं होतं. हरिबा म्हणाला, "तुला कळतंय. पुलाला कळतंय का?"

"वितळत नाही," घोळवे सर म्हणाले, "कारण ते प्लास्टिक नाही. कार्बनचे केसापेक्षा बारीक धागे आहेत, राळेत घट्ट बसवलेले. लोखंडासारखे गंजत नाहीत. वितळायची भीती नाही. भीती वेगळीच आहे."

"कोणची?"

"सैल पडायची. तू बांधकामावरची माणसं विटा उचलताना बघितलीस? आडवी रांगच्या रांग?"

"दोनी बाजूंनी दाबून!" वनमालानं हवेतच विटा धरल्या. "मधल्या विटांना खालून कायबी न्हाई, तरी पडत न्हाईत."

"आणि दाब सैल झाला की?"

"पायावर!"

सभा हसली. सर म्हणाले, "पूल तसाच आहे. गज आधी खेचून ताणले, भोवती काँक्रीट ओतलं, ते पक्कं झाल्यावर गज सोडले. आता ते आखडायला बघतात आणि काँक्रीटला आवळून धरतात. विटांसारखं. प्रश्न एवढाच, की किती वर्षं धरतील? म्हणून मी दरवर्षी येतो आणि तुळई मधोमध किती खाली आली ते मोजतो."

"मग आली का?"

"तीच तर मौज आहे!" सरांचा आवाज चढला. "पहिली काही वर्षं हिशोबाप्रमाणं थोडी थोडी खाली आली. आणि गेली तीन वर्षं जागची हललेली नाही. जीपा गेल्या, ऊन झालं, पाऊस झाला, तुळई जशीच्या तशी! जगात कुणाला असं माप मिळालं नसेल. मी पुढच्या महिन्यात परिषदेत हेच सांगणार आहे."

मंचावर वनमालाचे वडील बसले होते. उत्तरेश्वर, ग्रामपंचायतीचे सदस्य, दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरचे मालक. हे ऐकताच ते खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. त्यांच्या पायात चप्पल होती.

"उद्याची चाचणी शेवटची," सर म्हणाले. "पास झाली की जड वाहनांना बंदी असा जो फलक आहे तो निघेल. एसटी थेट गावात येईल."

वनमाला खाली बसली. नेलपॉलिशचं तिला भानही राहिलं नाही. कारण घरात उत्तरेश्वरनं सगळ्यांदेखत शब्द दिला होता. एसटी गावात आली तर पोरगी धारूरला अकरावीला. नाही आली तर दहावी लई झाली. आज एसटी मुख्य रस्त्याच्या फाट्यावरूनच मागं फिरायची, आणि फाटा म्हणजे माळावरून चांगली तासाची चाल. तेव्हा वनमालाची अकरावी त्या तुळईवर उभी होती, आणि तुळई तीन वर्षं हलली नव्हती! तिला त्या काळ्या गजांचे मुके घ्यावेसे वाटले.

सभा सुटल्यावर सरांनी तिला बोलावलं. "उद्या तुळईच्या बरोब्बर मधोमध खाली डायल लावायचाय. काटा असतो, घड्याळासारखा. तू पुढं हो, मधली जागा खडूनं आखून ठेव. मी आलोच."

"पुलाखाली?" मुख्याध्यापक दचकले. "सर, तिथं साप हाय."

"लई मोठ्ठा," उत्तरेश्वर म्हणाला. "अन् आदी आमच्या घरी चला. धपाटे केलेत."

हा दरवर्षीचा शिरस्ता होता. सर यायचे, काठावर तिपाई रोवून दुर्बिणीतून तुळईवरची खूण बघायचे, आकडा टिपायचे. जरा खाली उतरायला लागले की कुणाला तरी साप आठवायचा, कुणाला चहा. शिवाय पुलाखाली वेडी बाभूळ माजलेली, आणि भल्या सकाळी तिथं कोण कोण टमरेल घेऊन बसलेलं असेल ते सांगता यायचं नाही. त्यामुळं पाहुण्या माणसानंही फार आग्रह धरलेला नव्हता.

सर धपाट्यांकडं गेले. सायलीनं हरलेली नेलपॉलिश वनमालाच्या हातात ठेवली, आणि वनमाला मैत्रिणींना घेऊन ओढ्यात उतरली.

"सापाचं काय गं?" सायलीनं ओढणीला चिकटलेला काटा काढत विचारलं.

"तू पुढं हो. साप तुला बघून पळंल," दिपाली म्हणाली.

बाभळी बाजूला सारत वनमाला तुळईच्या मधोमध पोचली आणि खडू हातातच राहिला. तिथं आखायला जागाच नव्हती. ओढ्याच्या तळाला दगडांचा ओटा रचलेला. ओट्यावर बाभळीचा चांगला मिठीत न मावणारा बुंधा उभा केलेला. बुंध्यावर फळ्या, फळ्यांवर पाचरा, आणि पाचरा ठोकून ठोकून तुळईच्या पोटाला भिडवलेल्या. कुणीतरी त्या बुंध्याला हळदकुंकूही लावलं होतं.

"टेकू लावलाय," दिपाली हळूच म्हणाली. "म्हणूनच हलंना व्हय!"

"कुणी लावला?" सायली म्हणाली.

वनमाला वर बघत होती. वरची फळी जुन्या ट्रॉलीच्या फाळक्याची होती. तिच्यावर फुलाफुलांच्या नक्षीत मोठ्या गुलाबी अक्षरांत रंगवलेलं होतं, 'बबिता'. असला गुलाबी रंग अख्ख्या धारूर तालुक्यात एकाच माणसाच्या ट्रॉलीवर होता.

ती वर आली तेव्हा सर ढेकर देत पुलावर उभे होते. जागा आखली का, असं त्यांनी विचारलं. वनमालानं पंधरा ऑगस्टनंतर पहिल्यांदाच तोंडाला आलेला शब्द गिळला आणि दुसराच काढला. "सर, समजा... नुसतं समजा हां... मधी कुणी टेकू दिला असता, तर पूल आणखीन मजबूत झाला असता ना?"

"उलट!" सर म्हणाले. "हा पूल दोन टोकांवर उभा राहायला केलाय. गज सगळे तळाशी आहेत, म्हणून तळाची आवळण पक्की. वरच्या बाजूला आवळायला फारसं काही नाही. आता त्या विटांच्या रांगेला मधोमध खालून बोट लावून वर ढकल. काय होईल?"

"वरून फाकंल," वनमाला म्हणाली, आणि तिची नजर पायाखाली गेली. तिथं पुलाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत एक बारीक भेग होती. लहान पोरं तिच्यात काड्या खोवायची. पहिलीत असताना ती तिथं होती का? नव्हती. तीन वर्षांतलीच होती.

सरांनीही तिची नजर गेली तिकडं पाहिलं. "ही वरवरच्या डांबराची असेल," ते म्हणाले. पण मग चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले.

दिवेलागणीला वनमाला अंगणात चार विटा मांडून बसली.

"पप्पा, हिकडं या. ह्यांच्याखाली मधी बोट घाला, अन् वर ढकला." तिनं विटांची रांग दोन्ही तळव्यांत दाबून उचलली होती.

"काय खेळ हाय हा?"

"घाला तर!"

उत्तरेश्वरनं बोट घातलं, वर ढकललं. रांग वरून फाकली आणि दोन विटा थेट त्याच्या पायावर आल्या.

"आयाया! अगं, पाय का काय हाय तो!"

"पुलाचं असंच व्हायलंय," वनमाला म्हणाली. "तुमच्या टेकूमुळं."

उत्तरेश्वर एका पायावर उभा राहिला तो तसाच राहिला. आतून बबिता बाहेर आली.

"कळलं का हिला?"

"म्हंजी तुला म्हाईत हाय?" वनमाला ओरडली.

"हळू बोल. माझ्या नावाची फळी हाय, मला म्हाईत नसंल?"

"अजून कुणाला म्हाईत हाय?"

नवराबायकोनं एकमेकांकडं पाहिलं. "तसं... समद्यांनाच," उत्तरेश्वर म्हणाला. "बुंधा हरिबानं दिला. दगड घरटी एक एक आणला. मुख्याध्यापकांनी दोन आणले, शिकलेले हायत म्हणून."

"पण कावून?"

उत्तरेश्वर पायरीवर बसला, अंगठा चोळू लागला. "तीन वर्षांखाली उसाची ट्रॉली घातली पुलावर. फलक व्हता, पण घातली. मधी गेलो अन् पूल हादरला. खरंच हादरला, का माझं मन, देव जाणे. सकाळी तुमी पोरी त्याच्यावरूनच शाळेला जाता. मला झोपच लागंना. मग म्हणलं, आधार देऊ. आधार देण्यात कसलं वाईट?"

वनमालाला भांडायचं होतं. पण असल्या माणसाशी कसं भांडायचं ते तिला सुचेना.

"आता गप ऱ्हायचं," बबितानं निकाल दिला. "उद्या चाचणी पास झाली, फलक निघाला, एसटी आली, की मग सांग तुझ्या सरांना. तुझीच अकरावी हाय."

"अन् एसटीसकट पूल खाली आला म्हंजी?"

"दहा वर्षं न्हाई आला!"

"आई, वर भेग पडलीया. रोज मोठी व्हायलीया."

बबिता खाली वाकली. विटा उचलून तिनं एकीवर एक रचून ठेवल्या, आणि त्या कुणाच्या पायावर पडणार नाहीत इतक्या लांब ठेवल्या.

सकाळी पुलावर जत्रा भरली. वाळूच्या पिशव्या भरलेली ट्रॉली अलीकडं उभी. सरांनी हातात डायल घेतला, "चला, खाली उतरू," म्हणाले, आणि चौघं पाचजण एकदम बोलले, "सर, साप!"

"साप न्हाई," वनमाला म्हणाली. आवाज थेट पंधरा ऑगस्टसारखा निघाला. "टेकू हाय. तीन वर्षं झाली. तुमची तुळई हलली न्हाई, कारण तिला हलू दिलंच न्हाई. समद्या गावानं मिळून."

घोळवे सर खाली गेले. बराच वेळ वर आले नाहीत. वर आले तेव्हा त्यांच्या केसात बाभळीचा काटा होता आणि चेहऱ्यावर काय होतं ते कुणाला वाचता येईना.

"बबिता कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," बबिता म्हणाली आणि पदर खोचला. तिनं भांडायची तयारी करूनच पदर खोचला होता.

"तुमच्या नावावर मी परिषदेत भाषण करणार होतो, बाई," सर म्हणाले. आणि पुलाच्या कठड्यावर बसून ते असे हसायला लागले, की गाव घाबरलं. हरिबानं एका पोराला पाणी आणायला पिटाळलं.

हसून झाल्यावर सर उभे राहिले. "टेकू काढायचा. पण एकदम नाही. उत्तरेश्वरराव, जॅक आहे?"

"हाय की. टेकू मीच घातला, मीच काढतो," उत्तरेश्वर म्हणाला, आणि लंगडत ट्रॅक्टरकडं गेला.

जॅक लावला, तुळईचा भार त्यावर घेतला, उत्तरेश्वरनं घणानं पाचरा उडवल्या. हळदकुंकवाचा बुंधा बाजूला झाला. आता तुळई नुसत्या जॅकवर होती. सरांनी डायल बसवला आणि मागोमाग खाली उतरलेल्या तिघी मैत्रिणींना काच दाखवली. "जॅक सोडल्यावर काटा खाली सरकणार. तीन वर्षांचं राहिलेलं खाली येणं एकदम होणार. पण इथपर्यंतच आला पाहिजे. ह्यापुढं गेला, तर गज सैल पडले असं समजायचं, आणि पूल कायमचा बंद." त्यांनी खिसे चाचपले. "खुणेला काही आहे का, लाल?"

सायलीनं दप्तराला हात घातला, मग कपाळाला लावला. "वने, तुझ्याकडंच हाय की ती!"

वनमालानं नेलपॉलिशची बाटली बाहेर काढली. डायलच्या काचेवर ठसठशीत लाल रेघ आली.

"वाच मोठ्यानं," सर म्हणाले. उत्तरेश्वरनं जॅकचा स्क्रू हळूच फिरवला.

"सरकला!" वनमाला ओरडली. "सरकायलाय... अजून... हळू घ्या पप्पा!... अजून सरकला... रेघेजवळ आला..."

वर कुणीतरी देवाचं नाव घ्यायला लागलं. बबितानं त्याला गप केलं, कारण लेकीचा आवाज ऐकू येईना.

"रेघेच्या अलीकडं... अलीकडंच... थांबला! सर, थांबला!"

"मंग बोला ना, पूल पास का नापास?" वरून मुख्याध्यापक किंचाळले.

त्यांना उत्तर हरिबानं दिलं. तो भेगेपाशी उकिडवा बसला होता. "आरं, हिकडं या! तोंड मिटलं की ह्यानं!" भेग इतकी घट्ट मिटली होती की काल पोरांनी खोवलेली काडी आता ओढून निघत नव्हती.

मग वाळूची ट्रॉली पुलावर नेली. काटा थोडा सरकला, ट्रॉली उतरल्यावर परत आला. गावानं टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हा प्रथमच सगळेच्या सगळे, चपला पायात ठेवून, पुलाच्या मधोमध उभे होते.

"गज धड आहेत," सर म्हणाले. "पण मंडळी, परवानगी आता मिळणार नाही. तीन वर्षांची मापं फुकट गेली. बिनटेकूचं दोन वर्षं तरी मोजावं लागेल. दर महिन्याला. त्यानंतर फलक निघेल."

दोन वर्षं. म्हणजे अकरावी आणि बारावी. वनमाला डायलपाशी तशीच उकिडवी बसून राहिली. दिपालीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी जेवणं झाली तरी कुणी विषय काढेना. शेवटी उत्तरेश्वरनंच घसा साफ केला. "दिलेला शब्द म्हंजी शब्द, वनू. एसटी काही आली न्हाई. चूक माझी हाय, ते मी मान्य करतो. पण फाट्यापतोर रोज माळावरून पोरीच्या जातीनं..."

"थांबा पप्पा," वनमाला म्हणाली.

ती उठून उभी राहिली. बसून बोलली असती तरी चाललं असतं, घरात तिघंच होती. पण उभं राहिल्यावर आवाज बरा निघतो, हे तिला आता ठाऊक होतं.

"मी सरांना खरं सांगितलं तवा मला म्हाईत व्हतं, एसटी जाऊ शकती. तरी सांगितलं. म्हंजी एसटीवर अकरावी ठेवायची का न्हाई, ते माझं मीच सकाळी ठरवलंय. तुमी फक्त आता ऐकायलाव."

"हे बघा!" बबिता नवऱ्याला म्हणाली. "ऐका. पंधरा ऑगस्ट सुरू झाला."

"दर महिन्याचं माप मी घेणार हाय. सरांना बोललीय, ते डायल माझ्याकडंच ठेवून गेलेत. त्याला सायन्स लागतं, म्हणून अकरावी सायन्स, धारूरला. फाट्यापतोर चालत जाणार, दिपाली अन् सायली संग हायत, त्यांच्या घरीबी आजच सांगायचं ठरलंय. आत्ता ह्या टायमाला त्यापण अशाच उभ्या असतील." तिनं श्वास घेतला. "तुमाला काळजी वाटंल, झोप लागणार न्हाई, मला कळतं. वाटली तर पप्पा तुमी फाट्यापतोर संग चला, आई तू धपाटे बांधून दे. पण जूनमधी मी जाणार. विचारत न्हाई मी, सांगायलीय."